हलका एप्रन

रबर काहीही खातं, अशी माझी वीस वर्षं समजूत होती. चॉक पावडर घाला, काजळी घाला, तेल पाजा. मिलच्या, म्हणजे रबर मळायच्या यंत्राच्या, दोन रोळांमधून चारदा फिरवलं की सगळं पोटात घेऊन रबर पुन्हा गुळगुळीत. महाडच्या एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना आहे, म्हणजे शेठचा आहे, मी तिथला केमिस्ट. पायपुसणी, गास्केट, ट्रकच्या चाकामागे लोंबणाऱ्या रबरी पट्ट्या, असला आमचा माल. त्याचा अभिमान वाटावा असं काही नाही आणि लाज वाटावी असंही नाही. पण एक्स-रे अडवणारं रबर करायला घेतलं आणि दोन वर्षांत माझ्या नाकी नऊ आले.

हे खूळ डोक्यात शिरलं ते ताईमुळे. माझी मोठी बहीण पोलादपूरला एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढते. हायवेवर आपटलेले, आंबेनळी घाटात गाडी ठोकलेले, बांधावरून घसरलेले, सगळे तिच्याकडे येतात. नियम असा आहे की एक्स-रे काढणाऱ्याने भिंतीआड उभं राहून बटण दाबायचं आणि पेशंटला धरायचं असेल तर त्याच्या नातेवाइकाने धरायचं. नियम करणाऱ्याने वरच्या वाड्या पाहिलेल्या नसाव्यात. तिथून येणाऱ्या म्हाताऱ्यांना धरायला घरात माणूस कुठे असतं? मुलगे मुंबईला. बरोबर येते ती शेजारीण, नाहीतर दिवस गेलेली सून, आणि तिला तर त्या खोलीत पाऊलही टाकू देता येत नाही. मग ताई मदतनीस बाईला बटणापाशी उभी करते आणि स्वतः पेशंटला धरते. बावीस वर्षं ती असंच करत आली आहे.

त्यासाठी अंगात एप्रन घालावा लागतो, शिसं भरलेल्या रबराचा. पाच-साडेपाच किलोचं ते धूड खांद्यांवरून गुडघ्यापर्यंत लोंबतं. ताईची मान गेली ती त्यानेच. मणक्यात गॅप आला, डावा हात बधिर व्हायला लागला, भाकरी थापता थापता हातातून निसटायला लागली. हाडांच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं की खांद्यावरचं ओझं बंद करा, नाहीतर वर्षभरात हात कामातून जाईल. एप्रन सोडून धरायचं म्हणजे किरण अंगावर घ्यायचे. धरायचं सोडायचं म्हणजे पेशंटला पुढे महाडला धाडायचं. ताईला यातलं काहीच करायचं नव्हतं. तिच्या घरी जेवायला बसलो असताना, तोंडात घास असताना मी बोलून गेलो की मी करून देतो तुला हलका एप्रन, त्यात काय मोठंसं. शेठलाही कल्पना आवडली. पायपुसण्यांपेक्षा बरं काहीतरी पाटीवर लिहायला मिळेल असं त्याला वाटलं असावं.

शिशाऐवजी दोन पावडरी वापरायच्या होत्या. एक बिस्मथची पिवळी, दुसरी बेरियमची पांढरी. एक जे किरण सोडते ते दुसरी अडवते, त्यामुळे दोघी मिळून शिशाचं काम थोड्या कमी वजनात करतात, असं पुस्तकात आहे. पुस्तकात सगळंच असतं. पहिली शीट प्रेसमधून काढली, जरा वाकवली, तर कडाकडा तडकली. पावडर कमी केली, तर शीट लोण्यासारखी मऊ आणि किरण आरपार. तेल वाढवलं, तर चार दिवसांनी तेच तेल बाहेर येऊन टेबलावर डाग. त्यात आमच्याकडचा पाऊस. पावडर ओल धरायची आणि प्रेसमध्ये तापली की शीटच्या पोटात बुडबुडे धरायचे. मी पावसाला शिव्या घालत बसायचो. मिलवर काम करणारे, कारखान्यात सगळे ज्यांना मामा म्हणतात, पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी, ते एकदा शांतपणे म्हणाले, "पाऊस काय आज नवीन पडतोय?" नाचता येईना अंगण वाकडं हे मला तोंडावर सांगायची त्यांची ही पद्धत. वयाने मोठे, हाताने कुशल, काय बोलणार. मी मनातल्या मनात त्यांनाही दोन शिव्या घातल्या.

प्रत्येक शीटची परीक्षा ताईकडेच व्हायची. दुपारच्या सुट्टीत पेशंट नसताना मी शीटचा तुकडा घेऊन पोलादपूरला जायचो. ताई तो टेबलावर ठेवायची, शेजारी शिशाचा तुकडा, आणि वरून एक्स-रे मारायची. किरण अडले तिथे फोटोत पांढरं दिसतं, पार झाले तिथे काळं. बुडबुड्याच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके यायचे. ताई ते माझ्याआधी मोजायची, वर "मागच्यापेक्षा कमी हायत रे" असं समाधानही करायची. मला समाधान नको होतं, शीट हवी होती. जेवायला थांब म्हणायची, मी रागाने तसाच निघायचो, आणि कशेडी घाटाकडून येणाऱ्या ट्रकांच्या मागे धूर खात महाड गाठायचो.

सहावी बॅच जमली. तडकली नाही, तेल सुटलं नाही, ठिपका नाही, फोटोत शिशाइतकीच पांढरी. तिचा एप्रन शिवून घेतला आणि काट्यावर ठेवला, तर शिशाच्या एप्रनपेक्षा जेमतेम अर्धा किलो कमी. ताईने तो घातला, खांदे हलवून पाहिले आणि म्हणाली की चांगला आहे, आणि तसंही तिला वजनाची सवय आहे. ती टाकून बोलली असती तर मला चाललं असतं. ती मला सांभाळून घेत होती आणि तेच लागलं. मी तो एप्रन परत घेऊन आलो आणि कपाटात टाकला.

त्यानंतरच्या आठवड्यात महाडात भोंगा झाला. सावित्रीचं पाणी चढायला लागलं की भोंगा होतो, आणि मोठ्या पुरानंतर भोंगा हा शब्द महाडकरांच्या रक्तात गेला आहे. घरात असो, दुकानात असो की कारखान्यात, माणूस विचार करत नाही, हाताला लागेल ते माळ्यावर चढवायला लागतो. त्या पुरात आमच्या कारखान्यात छातीएवढं पाणी होतं, सगळ्या पावडरींचा चिखल झाला होता, तो आम्ही महिनाभर फावड्याने काढला. म्हणून त्या दिवशी मामांनी इतर दोघांना हाताशी घेऊन खालचं पोतंन् पोतं दोन तासांत माळ्यावर नेलं. मी प्रेसची मोटर सोडवण्यात गुंतलो होतो. पाणी शेवटी आवारातच थांबलं, कारखान्यात वीतभरही आलं नाही. शेठने मामांची पाठ थोपटली. मीही थोपटली. सगळा माल कोरडा आहे ना, एवढंच मी विचारलं, आणि मामा आहे म्हणाले.

मग मी सातवी बॅच लावली. या वेळी दोन गोष्टी बदलल्या. दोन्ही पावडरी आधी ओव्हनमध्ये वाळवून घेतल्या, आणि तेल सगळ्यात शेवटी सोडलं. साच्यातून नेहमीपेक्षा जास्त माल बाहेर आला, कडेने भरपूर उरला. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. शीट सुरेख आली होती. पिवळसर, लवचिक, कुठे डाग नाही. तिचा एप्रन झाला तो सहाव्यापेक्षा पाऊण किलोने हलका. मी तीनदा वजन केलं. काटा बिघडला असेल म्हणून शेजारच्या कारखान्याच्या काट्यावर जाऊन केलं. तेवढंच भरलं. शेठला फोन केला, पेढे आणले, स्वतः सगळ्यांच्या हातावर ठेवले. दोन वर्षांनी माझ्या डोक्याला यश आलं होतं आणि ते ओव्हनमुळे की तेलामुळे याचा विचार मी पुढे ढकलला. किरण अडतात ते पदार्थाच्या वजनावर, वजन गेलं म्हणजे त्यातलं काहीतरी गेलं, एवढी साधी गोष्ट कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोराने विचारली असती. मी केमिस्ट, मला पेढे दिसत होते.

चार दिवसांवर नारळी पौर्णिमा होती. ताईचं एक्स-रे मशीन त्या वेळी बंद पडलेलं, दुरुस्तीचा माणूस येतो येतो म्हणत होता आणि दरड आल्याने त्याचा घाटातला रस्ता अडलेला. मी थांबायला हवं होतं. पण राखीला दरवर्षी साडी देतो, यंदा ताटात एप्रन ठेवायचा, ही कल्पना मला इतकी आवडली होती की मी थांबलो नाही. ताईने राखी बांधली, मी ताटात घडी न करता गुंडाळलेला एप्रन ठेवला. तिने तो साडीवरच घातला आणि स्वयंपाकघरात एक फेरी मारली. डोळे भरून आले तिचे. अंगावर काही आहे असं वाटतच नाही म्हणाली. मी म्हटलं, मशीन चालू झालं की आधी याचा फोटो काढ, मग वापर.

ती म्हणाली, "भावाची ओवाळणी कोणी तपासून घेतं का रे?"

मी हसलो. आग्रह धरायला हवा होता, धरला नाही. उलट मनातून बरं वाटलं.

मशीन दुरुस्त झालं, गणपती झाले, दिवाळी झाली. ताईचा हात सुधारला. भाऊबीजेला तिने चकल्या स्वतः पाडल्या आणि मला मुद्दाम बोलावून ते दाखवलं. तेवढ्यात शेठला एप्रन विकायची घाई झाली आणि त्यासाठी मुंबईच्या प्रयोगशाळेचा दाखला हवा होता. सातव्या बॅचचा तुकडा मी स्वतः घेऊन गेलो, वीर स्टेशनपर्यंत रिक्षा आणि पुढे रेल्वे. तीन आठवड्यांनी एका पानाचं उत्तर आलं. शीट जेवढे किरण अडवायला हवेत त्याच्या निम्म्याच्या आसपास अडवते, म्हणून दाखला देता येत नाही.

मी आधी प्रयोगशाळेलाच शिव्या दिल्या. फोन लावून तावातावाने सांगितलं की तुमच्या मशीनमध्ये गडबड आहे. पलीकडच्या बाईंनी न चिडता सांगितलं की तीनदा मोजलं आहे. फोन ठेवला आणि उरलेल्या शीटचा तुकडा पाण्यात बुडवून त्याची घनता काढली. पाच मिनिटांचं काम. सहाव्या बॅचपेक्षा कितीतरी कमी भरली. ही पाच मिनिटं मला राखीच्या आधी सापडली नव्हती. मग मी माळ्यावर गेलो. बेरियमचं छापील नाव असलेल्या पोत्यातली चिमूटभर पावडर बशीत घेतली आणि तिच्यावर ॲसिडचा थेंब टाकला. बेरियमला त्याने काही होत नाही. ही फसफसून वर आली. चॉक पावडर होती. पायपुसण्यांत घालतो ती.

मामांना बोलावलं. ते आले, बशीकडे पाहिलं आणि त्यांना काही लपवायचं नव्हतं. भोंग्याच्या दिवशी चॉक पावडरीची कागदी पोती तळाशी ओली होऊन फाटत होती. वर नेताना सगळी सांडली असती. बेरियमची रिकामी पोती आतून प्लॅस्टिकची असतात, चांगली मजबूत. मामा ती घडी घालून जपून ठेवत, पावसात शेतावर डोक्यावरून खोळ घ्यायला घरी नेत. ती हाताशी होती. त्यांनी चॉक पावडर त्यांत ओतली, तोंडं बांधली आणि माळ्यावर पुढे रचली. खरं बेरियम मागे राहिलं, कोरडं, तसंच्या तसं.

मी आवाज चढवला. ओतताना सांगायला काय झालं होतं म्हणून विचारलं. मिलवर घेताना पावडर हाताला हलकी लागली नाही का, म्हणून विचारलं.

"लागली ना," मामा म्हणाले. "म्हटलं, तुम्ही भट्टीत वालवलीत म्हनून हलकी झाली असंल. तरी सांगनार होतो. पन तुम्ही पेढे वाटत होता."

 त्यांनी माल पाण्यातून वाचवला होता, आणि हाताला जे कळलं ते मनात धरूनही ठेवलं होतं. विचारायचं काम माझं होतं. उंटावरून शेळ्या हाकण्याचा पगार मला मिळतो, त्यांना नाही. मामा खाली मान घालून उभे राहिले आणि त्यांना जा म्हणायलाही मला लाज वाटली.

तशीच बाईक काढली. ताई डबा खात होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, चॉक पावडर, पोती, निम्मं, सगळं. तिने डबा बंद केला. हात धुऊन आली, खुंटीवरचा हलका एप्रन टेबलावर पसरला, त्याच्याखाली ड्रेसिंगची कात्री ठेवली आणि फोटो काढला. पडद्यावर कात्री आली. पाती आली, मूठ आली, मधला स्क्रूसुद्धा आला. राखाडी पडद्यामागून सगळं दिसत होतं. 

"आधी मी अगदीच कोणी नसलं तर धरायची," ती म्हणाली. "हा हलका म्हनून गेले चार महिने येईल त्याला धरत होते."

मला एकदम बॅज आठवला. किरणांच्या खोलीत काम करणाऱ्याने छातीशी एक बॅज लावायचा असतो, किती किरण लागले ते तो टिपतो, आणि तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. मी घाईने विचारलं की बॅजचा रिपोर्ट आला का. आला होता, सगळं ठीक म्हणून आला होता. ताईने बोट दाखवलं. कोपऱ्यात खिळ्याला तिचा जुना शिशाचा एप्रन टांगलेला होता आणि बॅज त्याला आतून लावलेला होता, वर्षानुवर्षं लावत आली तसा. नवा एप्रन आला त्या दिवसापासून बॅज तिथेच, शिशाच्या आड, खिळ्यावर.

"किती लागलं असेल रे मला?" तिने विचारलं.

मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं आणि आता कळण्याचा मार्गही नव्हता. हिशेब मांडून अंदाज सांगता आला असता, पण किती पेशंट, किती वेळ, किती जवळून, हे तिने लिहून ठेवलेलं नव्हतं आणि मी ठेवायला सांगितलं नव्हतं. बहुतेक फार नसेल असं मी म्हणालो. ती मान हलवत राहिली. तेव्हा मला रडू आलं, आणि आपण रडतोय याचाही राग आला, कारण आता तिला माझीच समजूत काढावी लागणार होती.

तेवढा वेळही मिळाला नाही. बाहेर एक म्हातारी आली होती, घाटाकडच्या वाडीतली, ओटीवरून पडलेली, खांदा निखळलेला. हाताला कंप. बरोबर सून, पोट पुढे आलेलं. ताईने नेहमीच्या सवयीने सुनेला बाहेर बसवलं आणि खिळ्याकडे वळली. मी म्हटलं, थांब, मी धरतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शिशाचा एप्रन काढून माझ्या खांद्यांवर टाकला, मागून पट्टे बांधले. दोन वर्षं मी त्या वजनाशी भांडत होतो, काट्यावर मोजत होतो, वहीत लिहीत होतो. अंगात एकदाही घातलं नव्हतं. मानेच्या मागच्या हाडावर ते बसलं आणि मला कळलं की भाकरी हातातून का निसटते.

म्हातारीचा हात मी दोन्ही हातांनी धरला. तिने मला विचारलं, तू नवा डॉक्टर काय रे. मी नाही म्हणालो. ताई भिंतीआड गेली, श्वास रोखा म्हणाली, मशीन वाजलं. मग ती बाहेर आली आणि फोटो हलला आहे, परत घ्यावा लागेल म्हणाली. म्हातारी बिचारी कुरकुरली की मी तर हलले नाय. खरंच हलली नव्हती. थरथरत होते ते माझे हात.

मी पुन्हा धरतो म्हणालो. ताईने ऐकलं नाही. तिने माझ्या पाठीमागचे पट्टे सोडले, एप्रन उतरवला आणि स्वतःच्या त्या मानेवर चढवला. मदतनीस बाई सुट्टीवर होती. ताईने आत जाऊन मशीनचे आकडे लावले आणि मला भिंतीआड उभं केलं. बटण दाखवलं. मग ती म्हातारीपाशी गेली आणि तिचा हात छातीशी घट्ट धरला. काचेतून मला तिची पाठ दिसत होती.

"दाब," ती म्हणाली.

मी थांबलो.

"दाब रे, आजीला दुखतंय."

मी दाबलं.